मदत हवी आहे: मिंडेन ते बर्लिन बोटीने, ऑक्टोबरात निघावं का? आणि बोटीतल्या ओलीचं काय करावं?

वेंगुर्लेकरीण, १४ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. मी आणि नवरा सध्या जर्मनीत मिंडेनला मिटेललांडकनाल या कालव्याच्या काठी बोट बांधून आहोत. बर्लिनला एका मरीनात, म्हणजे बोटी बांधायच्या धक्क्यावर, जागा मिळालीय. ते अजून साधारण ३५० किलोमीटर आहे आणि १० नोव्हेंबरला मला कामावर हजर व्हायचंय. पुढे जावं, की हॅनोव्हरच्या आसपास बोट हिवाळाभर ठेवून रेल्वेने घरी जावं, यावर तीन दिवस आमचं एकमत होत नाहीये.

बोट डच बांधणीची, पोलादी, १०.२ मीटर लांब, १९७८ची. ऑगस्टमध्ये नेदरलँड्सच्या फ्रीसलंडमध्ये घेतली आणि तेव्हापासून तिच्यातच राहतोय. ग्रोनिंगेन, टेर आपेल करत हारेनला जर्मनीत शिरलो. तिथून डॉर्टमुंड-एम्स कालव्याने वर आलो आणि कालव्यांच्या ज्या तिठ्याला 'नासेस ड्रायएक', म्हणजे ओला त्रिकोण म्हणतात, तिथे डावीकडे वळून या कालव्यात आलो. इंजिन ४० अश्वशक्तीचं आहे. १५ अश्वशक्तीच्या वर इथे परवाना लागतो, तो दोघांकडेही आहे.

सप्टेंबर फार सुखाचा गेला. आता मात्र धुकं सकाळी दहा-दहा वाजेपर्यंत उठत नाही. आमच्याकडे रडार नाही, त्यामुळे धुक्यात निघायचा प्रश्नच नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेली की पाचच्या सुमारासच सूर्य मावळेल. ताशी ९ किलोमीटरच्या वेगाने दिवसाला पाच तास मिळाले तरी खूप. ब्राम्शेजवळ इंजिन अचानक तापलं. उघडून पाहिलं तर इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या गाळणीत झाडांची पानं गच्च बसलेली. तेव्हापासून रोज सकाळी गाळणी साफ करतो.

बार्जचीही मला धास्ती आहे. मांडवीतल्या खनिजाच्या बार्ज लहानपणापासून पाहिल्यात, पण तिथे नदी रुंद. इथे शंभर मीटरहून लांब बार्ज बाजूने जाते तेव्हा काठचं पाणी आधी ओढलं जातं, बोट दोरासकट चार हात सरकते आणि मग उलट येते. पुढे हॅनोव्हरजवळ अँडरटेनचं लॉक (दारं लावून आतलं पाणी चढवत-उतरवत बोट वर-खाली नेणारी टाकी) जवळपास १५ मीटर वर नेतं म्हणे. आतापर्यंतची आमची लॉकं त्यापुढे लहानच होती.

आता ओलीबद्दल. गादी उचलली की खालची फळी ओलीचिंब असते. कपाटात काळी बुरशी धरली आहे, आईने विणलेल्या शालीलाही वास लागला. डिझेलवर चालणारा हीटर आहे, पण तो संध्याकाळी नीट चालतो आणि पहाटे चारला पांढरा धूर सोडून बंद पडतो. ज्यांच्याकडून बोट घेतली त्यांनी तो नुकताच दुरुस्त केल्याचं सांगितलं होतं. बाहेर ३ अंश असताना पहाटे चारला उठून बसायची वेळ येते.

एक छोटा प्रश्न राहिला. दिवाळी पुढच्या आठवड्यात आहे. लाल-हिरवा आकाशकंदील सोबत आणलाय. तो बाहेर लावलेला चालेल का?

लाइनेकाठ

ताई, मी ब्राउनश्वाइगला राहतो आणि हा कालवा माझ्या रोजच्या वाटेवरचा आहे. माझं मत, निघा. हॅवेल नदीच्या वरच्या अंगाला, मेक्लेनबुर्गकडे जायचं असतं तर नको म्हटलं असतं, कारण तिथली छोटी लॉकं मुख्यतः हौशी बोटींसाठी आहेत आणि हंगाम संपला की त्यांच्या वेळा आखडतात. तुमच्या वाटेवर मालवाहू जहाजं बारा महिने चालतात, त्यामुळे लॉकंही चालू असतात. दुरुस्तीसाठी एखादं बंद ठेवतात, म्हणून एल्विस या सरकारी संकेतस्थळावरच्या सूचना रोज संध्याकाळी वाचा.

या कालव्यावर मोठी लॉकं तीनच. अँडरटेनला वर जाल, वोल्फ्सबुर्गच्या अलीकडे झ्युल्फेल्डला ९ मीटर खाली आणि शेवटी होहेनवार्टेला जवळपास १९ मीटर खाली. होहेनवार्टेच्या आधी माग्देबुर्गचा जलसेतू येतो, ९१८ मीटर लांब, २००३ साली सुरू झालेला. खाली एल्बे नदी वाहते आणि वरून आपली बोट जाते. मिंडेनला वेझर नदीवरून असेच गेलाच असाल, पण हा अनुभव वेगळाच.

आता लॉकमधलं. मालवाहू जहाज आधी, आपण मागून. आत शिरल्यावर पुढच्या बार्जचा पंखा थांबेपर्यंत तिच्या जवळ जाऊ नका, त्या पाण्याने बोट आडवी होते. वर जाताना भिंतीतल्या खाचांमधले खुंट एकामागून एक वर येतात, तसा दोर एकावरून काढून दुसऱ्यावर घ्यायचा. खाली जाताना मात्र दोर कधीही गाठ मारून बांधायचा नाही. हातात धरून सैल सोडत जायचं, नाहीतर पाणी उतरेल आणि बोट दोराला टांगली जाईल. लाइफजॅकेट दोघांनीही घाला.

मुक्कामाला हॅनोव्हर, वोल्फ्सबुर्ग, हाल्डेन्सलेबेन, गेंथिन, ब्रांडेनबुर्ग धरा. दहा दिवसांत निवांत पोहोचाल.

तारजोड

हीटरबद्दल लिहितो. संध्याकाळी चालतो आणि पहाटे बंद पडतो, यातच उत्तर आहे. संध्याकाळी दिवसभराच्या प्रवासाने बॅटरी भरलेली असते. पहाटे तापमान उतरलं की हीटर पुन्हा पेटायला जातो. पेटताना त्याची तापणारी कांडी खूप करंट ओढते, व्होल्टेज पडतं आणि तो स्वतःला बंद करतो. न जळलेलं डिझेल पांढऱ्या धुरासारखं बाहेर येतं. मल्टिमीटर बॅटरीवर नाही, हीटरच्याच टोकाला लावा आणि पेटताना आकडा बघा. १०.५ व्होल्टच्या आसपास किंवा खाली गेला तर तार बारीक आहे किंवा जोड गंजलाय. जुन्या बोटींत हे हमखास सापडतं.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का? नसेल तर आज विकत घ्या, बाकी सगळं उद्या. पांढरा धूर सोडणारा हीटर आणि बंद केबिन ही जोडी जिवावर बेतू शकते.

ओल येते ती बरीचशी स्वयंपाकातून. एक किलो प्रोपेन जळाला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात केबिनमध्ये येतं. त्यात कुकरच्या शिट्ट्या आणि रात्रभर दोघांचा श्वास. कुकर लावताना वरची झडप उघडी ठेवा, थंडी वाजली तरी. गादीखाली काथ्याची जाड चटई घाला. वेंगुर्ल्याच्या आहात म्हणजे काथ्या कसा असतो ते मी सांगायला नको. इथे बोटींच्या दुकानात मिळते. खालून हवा फिरली की फळी सुकते.

उत्तरवारा

माझं मत थोडं वेगळं आहे. कालवा सोपा आहे, हे मान्य. पण त्यानंतर हॅवेल येते आणि तिथे तळी आहेत. प्लाउअर झे या तळ्यावर वारा सुटला की कालव्याची सवय झालेल्या माणसाला ते पाणी आवडत नाही. तिथे दिवस वाया गेला तरी चालेल एवढी सवड ठेवा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात घाईने ते ओलांडू नका.

आणि बर्लिनला ज्या मरीनात जागा मिळालीय, त्यांना आजच विचारा की हिवाळ्यात बोटीत माणसं राहिलेली चालतील का. बोट ठेवायला परवानगी असते, राहायला नसते, असं अनेक ठिकाणी आहे. थंडी पडण्याआधी धक्क्यावरचं पाणीही बंद करतात. पत्त्याची नोंदणी कुठे करणार, हेही ठरवा.

कंदील आत, खिडकीत लावा. लाल आणि हिरवा हे बोटींचे दिशादर्शक दिवे आहेत. कालव्याच्या काठी अंधारात येणाऱ्या बार्जचा गोंधळ होईल असा दिवा लावता येत नाही.

वेंगुर्लेकरीण, १७ ऑक्टोबर

तारजोड, तुमचे किती आभार मानू! बॅटरीवर १२.५ आणि हीटरपाशी पेटताना १०.१. जोड उघडला तर तांबं हिरवं पडलेलं. जाड तार टाकली. काल रात्रभर हीटर चालला आणि महिन्याभरात पहिल्यांदा मी सलग सात तास झोपले. अलार्म त्याच दिवशी लावला. मरीनानं राहायला होकार दिलाय, लेखी मागितलंय. पत्ता मैत्रिणीच्या घरचा राहील. उद्या निघतोय.

वेंगुर्लेकरीण, २१ ऑक्टोबर

अँडरटेन पार केलं! मी पुढे, नवरा मागे. एका खुंटावरून दुसऱ्यावर दोर घेताना हात थरथरत होते, पण बोट भिंतीला धरून राहिली. वर आलो तेव्हा लॉकच्या काठावर एक आजोबा सायकल धरून उभे होते, त्यांनी हात केला. मला रडूच आलं. रात्री कंदील आतल्या खिडकीत लावला. चकल्या जमल्या नाहीत, शंकरपाळे झाले, झडप उघडी ठेवूनच.

आता नवी अडचण. स्वयंपाकाचा सिलिंडर डच आहे, तो संपत आलाय आणि इथली दुकानं तो बदलून देत नाहीत. जर्मन राखाडी सिलिंडर ११ किलोचा आमच्या खणात मावत नाही, ५ किलोचा मावेल. रेग्युलेटर आणि नळी दोन्ही बदलावी लागतील ना? वोल्फ्सबुर्ग किंवा हाल्डेन्सलेबेनला धक्क्यापासून चालत जाता येईल असं दुकान कुणाला माहीत आहे का? आठवडाभर पुरेल एवढाच गॅस आहे.