१९५५ चं छोटं स्टेशन करतोय, इमारत आपल्याकडची वाटत नाहीये

रूळवेडा_कोथरूड
नमस्कार मंडळी, मॉडेल रेल्वेचा लेआउट चालू आहे, एचओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या १:८७ आकारात, पुणे-लोणावळा मार्गावरचं काल्पनिक छोटं स्टेशन, साल १९५५. परदेशी किट जोडलं, रंगवलं, रुळाशेजारी ठेवलं तर कुठल्या तरी दुसऱ्याच देशातलं दिसतंय. तीन आठवडे गेलेत त्यात, टाकवत नाही. काय बदलू? आणि सगळं नवंकोरं दाखवायचं का? फोटो टाकलाय.

जुनं_कौल
आधी छप्पर बदला. किटचं छप्पर बर्फ घसरून पडावं म्हणून एवढं उभं असतं, आपलं कौलारू छप्पर साधारण ३० अंशावर आणा, धुराडं काढा आणि वळचण भिंतीच्या चांगली बाहेर येऊ द्या, आपल्याकडे चार महिने पाऊस झेलायचा असतो. कौलं मंगलोरी घ्या, बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनचा मंगळूरचा कारखाना १८६५ चा, त्यामुळे १९५५ ला बिनधास्त चालतील. कौल साधारण १६ इंची, म्हणजे स्केलला पावणेपाच मिमी, एकावर एक चढल्यावर चारच्या आसपास दिसतं.

नवंकोरं मात्र अजिबात नको. खंडाळा-पुणे लाइन १८५८ ची, म्हणजे तुमची इमारत शंभरीला आलेली असू शकते. १९५५ साल दाखवायचं म्हणजे तोवर जे जे बांधलं गेलं ते सगळं एकत्र उभं दिसलं पाहिजे. काळ्या दगडाची भिंत, चुन्याचे सांधे, एका कोपऱ्यात नंतर भरलेलं करडं सिमेंट, मागे कधीतरी जोडलेली पत्र्याची पडवी. मला तर अशी ठिगळंच सगळ्यात जास्त आवडतात.

पत्रेवाला
पडवीच्या पत्र्याला किचनमधली फॉइल वापरा. माउसपॅडवर ठेवून त्यावरून ५ मिमीचा पूर्ण आट्यांचा बोल्ट दाबून लाटा. आटे ०.८ मिमीवर असतात आणि पन्हळी पत्र्याची ३ इंची नाली स्केलला ०.८८ येते, डोळ्याला फरक कळत नाही. रेघा किंचित तिरक्या उमटतात म्हणून फॉइलची कड न बघता रेघेला धरून कापा. खिळ्यांच्या ओळीखाली थोडा गंज द्या.

घाटातला
अहो पण फोटोत विजेचे खांब कुठायत? कल्याण-पुणे १९२९-३० लाच विजेवर आलं, १५०० व्होल्ट डीसी, डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली. १९५५ ला खांब आणि तारा हव्यातच, नको असतील तर साल १९२५ च्या मागे न्या, मग पाट्यांवर जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, मध्य रेल्वेच्या आधीची कंपनी) येईल, कारण मध्य रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ पासून.

रूळवेडा_कोथरूड
साल १९५५ च ठेवतो, खांब करतो. आत्ता दार मोजलं तर ३१ मिमी भरलं, म्हणजे जवळजवळ नऊ फूट! भिंत कापावी लागणार का?

जुनं_कौल
नका कापू. २४ मिमीवर आडवी पट्टी चिकटवा, खाली सात फुटी दार आणि वरती उभ्या गजांचा झरोका. जुन्या दगडी इमारतींना असे झरोके शोभतात.