मदत हवी आहे : कन्सेप्ट क्रॉसओव्हरला खऱ्या मापाची चाकं लावली की गाडी एकदम जाड दिसतेय

नमस्कार मंडळी, ट्रान्सपोर्ट डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तीन आठवडे एकाच जागी अडकलोय म्हणून धागा काढतोय. जरा लांबलंय पण पूर्ण वाचा प्लीज.

प्रोजेक्ट असा आहे की पुढे येणाऱ्या क्रॉसओव्हरची झलक दाखवणारी कन्सेप्ट गाडी करायची, १:४ चं क्ले मॉडेल (क्ले म्हणजे गरम केली की मऊ होणारी माती), आणि त्यातलं काय काय विक्रीच्या गाडीत उतरणार हे आपणच ठरवून सांगायचं. मी स्केचमध्ये चाक टायरसकट ७८० मिमीचं धरलं होतं आणि गाडीची उंची १५६०, म्हणजे बरोबर दोन चाकांइतकी, आणि साईडने इतकी मस्त बसली होती की मी त्याच्याच प्रेमात पडलो. मग सर म्हणाले आता यावर विकता येईल असं चाक लावून बघ. २३५/६५ आर१७ चा टायर धरला तर चाक साधारण ७३७ मिमीचं होतं, मॉडेलवर जेमतेम ११ मिमीचा फरक, पण तेवढ्यात सगळं गेलं. त्यात मागच्या सीटवरच्या माणसाचं डोकं छताला लागत होतं म्हणून छप्पर ३० मिमी वर घ्यावं लागलं. आता काचेच्या खालच्या कडेपासून सिलपर्यंत, म्हणजे दाराखालच्या पट्टीपर्यंत, नुसती भिंत दिसतेय.

काल रात्री मागच्या चाकावरचा खांदा, म्हणजे तिथला बाहेर फुगणारा भाग, परत ओढला. क्ले ओव्हनमधून काढली, गरम असतानाच लावली, स्क्रेपरने उतरवली आणि पाणी मारून वर चकचकीत फिल्म चढवली, उजेड कसा पडतो ते बघायला. तिच्यात दिसणारी दिव्याची रेघ पुढच्या दारावर सरळ धावतेय आणि मागच्या दाराच्या मध्यावर आली की कापते, चांगली बोटभर खाली जाते आणि आर्चवर (चाकावरच्या कमानीवर) परत चढते. हाताला काही लागत नाही पण डोळ्याला दिसतंय. टेप लावून तीनदा बघितलं, तीनदा तेच.

मी बऱ्याच जोड्या शेजारी ठेवून बघितल्या. टाटाची २०१८ ची एच५एक्स आणि तिच्यावरून २०१९ ला आलेली हॅरियर, यात वर बारीक दिवे आणि खरे हेडलॅम्प खाली बंपरमध्ये ही मांडणी टिकली, पण चाकं (टायर सोडून नुसती रिम) १७ इंचांवर आली आणि आर्च रिकामे वाटतात ही तक्रार तेव्हा खूप जणांनी केली. उलट ह्युंदाईची २०१९ ची '४५' आणि २०२१ ची आयॉनिक ५ बघा, दारावरची तिरकी घडी तशीच आहे, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ३००० मिमी आणि चाकं २० इंचांपर्यंत, त्यामुळे ती गाडी मोठी असूनही जाड वाटत नाही. माझं पॅकेज, म्हणजे चाकं, सीट आणि माणसं यांची मांडणी, तेवढं लांब नाहीये.

तर प्रश्न हाच की चाक लहान झाल्यावर बॉडीची उंची डोळ्याला कमी कशी करायची? आणि तो खांदा ठेवू की सोडून देऊ?

प्रतिसाद १
क्ले मॉडेलिंगमध्ये बरीच वर्षं काढली आहेत म्हणून लिहितो. आधी चाकाची जागा तपास. कन्सेप्ट गाडीचं चाक वरखाली फार होत नाही म्हणून आर्च टायरला चिकटून काढता येतो, खऱ्या गाडीत सस्पेन्शन दबणार, चाक वळणार, चिखल अडकणार, तेवढी फट सोडावीच लागते. ती फट तू स्केचमध्ये धरलीच नसणार. ती आधी काढ आणि मग आर्चला काळं क्लॅडिंग (बाहेरून लावायची प्लास्टिकची पट्टी) दे, फट आणि टायर एकच काळा आकार वाटतो आणि चाक मोठं भासतं. सिलवरचं क्लॅडिंगही वर घे, रंगवलेला भाग तेवढा बारीक होईल. दाराच्या खालच्या अर्ध्यात आत जाणारा खोलगटपणा दे, वर उजेड खाली सावली, भिंत तुटते.

खांदा मात्र सोडू नकोस रे. टोयोटाची सी-एचआर २०१४ ला कन्सेप्ट म्हणून आली तेव्हा तीन दारांची होती, विकायला आली पाच दारांची, पण मागचा फुगीर खांदा राहिला कारण मागच्या दाराचं हँडल वर सी पिलरपाशी (मागच्या दाराच्या काचेमागच्या खांबापाशी) नेलं. तुझं हँडल कुठे आहे?

प्रतिसाद २
क्लॅडिंगबद्दल सहमत, पण छप्पर ३० मिमी सरळ वर घेतलं असशील तर तिथेच चुकलं. सीटचा हिप पॉइंट (बसलेल्या माणसाच्या कमरेचा सांधा येतो ती जागा) १० ते १५ मिमी खाली जातो का बघ, उरलेलं छप्पर फक्त मागच्या डोक्यावर चढव आणि पुढे विंडशील्डकडे आहे तसंच ठेव. बॉनेट मात्र खाली नेऊ नकोस, पादचाऱ्याच्या डोक्याला धडक बसली तर खाली मोकळी जागा लागते.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. हँडल दाराच्या मध्यावर, बरोबर रेघ कापतेय तिथेच आहे!! त्याच्यासाठी मी तिथे पृष्ठभाग सपाट केला होता हे आत्ता लक्षात आलं, आठवडाभर क्लेला दोष देत होतो. आज हँडल वर सरकवतो आणि आर्चची फट मोजून काढतो. छपराचं सेक्शन उद्या परत कापतो. फक्त एक सांगा, हँडल तिथे नेलं तर लहान मुलाचा हात पोचेल का, की त्यासाठी काचेची कडच थोडी खाली आणावी लागेल?