'चाळिशीनंतर पळू नका' म्हणणाऱ्यांसाठी

धावरा: काल इथे एक पोस्ट आली होती: "चाळिशीनंतर पळाल तर गुडघे झिजतील, मुकाट्याने चाला." खाली अंगठ्यांचा पाऊस! अहो, गुडघा म्हणजे गाडीचा टायर नव्हे. 2017 च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात गुडघ्या-खुब्याची झीज हौशी धावणाऱ्यांत 3.5 टक्के निघाली आणि बैठ्या लोकांत 10.2. पळणाऱ्यांचं दुखणं बहुतेकदा वाटीभोवतीचं असतं. जिना उतरताना कळ येते, बराच वेळ बसून उठलं की ठणकतं. मागे जाऊन बघा, अंतर नाहीतर वेग एकदम वाढवलेला सापडतो. पळणं कमी करा, बंद नको. मांडीचे आणि कुल्ह्याचे स्नायू कमवा. दुखणं दहापैकी तीनच्या आत असेल आणि दुसऱ्या दिवशी निवळत असेल, तर पळायला हरकत नाही.

वाटीदुखी: अर्धाच आकडा दिलात. त्याच विश्लेषणात स्पर्धेत उतरणाऱ्यांची झीज 13.3 टक्के होती, ती कुठे गेली? आणि गुडघे गेलेले लोक पळणं सोडून बैठ्यांत जमा झाले असतील, त्याचं काय? स्नायू कमवा म्हणणं सोपं आहे. मला फिजिओने मशीनने शेकलं, पट्टा दिला आणि पुढची तारीख दिली. व्यायाम एक नाही.

अनवाणी: खरा रोग बूट! जाड टाचेचे बूट फेका, पंजावर उतरा. मी फेकले, गुडघा गप्प झाला.

धावरा: गुडघा गप्प, आता पोटरी बोलेल. भार गायब होत नाही हो, खाली पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर जातो.

अनवाणी: माझी पोटरी मला माहीत. तुम्ही पुस्तकं वाचून पळता.

खवचट: त्या पाच बोटांच्या बुटांचं काय झालं? अनवाणी पळल्यासारखं वाटावं म्हणून ते निघाले. दुखापती कमी होतात असा दावा केला म्हणून ते बनवणाऱ्या व्हिब्रम कंपनीवर खटला झाला. 2014 मध्ये 37.5 लाख डॉलर देऊन मिटवला.

अनवाणी: मिटवला, चूक कबूल केली नाही! गुबगुबीत बूटवाल्यांनी तरी कुठला पुरावा दिलाय?

खवचट: हे मात्र खरं. दोघेही सारखेच लबाड.

वाटीदुखी: धागा गुडघ्याचा होता. आठवतंय का कुणाला?

सावकाश: बूट राहू दे, पावलं छोटी करा. मिनिटाला पडणारी पावलं पाच-दहा टक्क्यांनी वाढवली की गुडघ्यावरचा ताण कमी होतो. जिना उतरतानाची माझी कळ त्यानेच गेली. घड्याळ 180 म्हणतं म्हणून 180 च्या मागे मात्र लागू नका.

नियमवाला: आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त अंतर वाढवायचं नाही, विषय संपला.

धावरा: नाही संपला. नेदरलँड्समध्ये नवशिक्यांवर हा नियम तपासला, 2008 मध्ये निष्कर्ष आले. एक गट नियमाने वाढवणारा, दुसरा त्याहून झपाट्याने, दोन्ही गटांत दुखापती जवळपास सारख्याच.

नियमवाला: म्हणजे वाटेल तसं वाढवायचं? धन्य आहात.

सावकाश: वाटीदुखी, बुटक्या पायरीवर एका पायाने उभे राहा आणि दुसरी टाच सावकाश खाली टेकवा. समोर आरसा ठेवा, गुडघा आत वळतो का बघा. पण गुडघा सुजत असेल, अडकत असेल, तर धागे वाचत बसू नका, डॉक्टर गाठा.

वाटीदुखी: सूज नाही. वळतोय मात्र, आत्ताच बघितलं. बरं, करतो. पट्टा सोडणार नाही.

अनवाणी: बूट काढून केलंत ना?