मदत हवी आहे: पात्रता फेरी थांबवायला लावणाऱ्याला काय शिक्षा द्यावी?

बेळगावात टिळकवाडीला आम्ही आठ जण दर रविवारी कॉम्प्युटरवर फॉर्म्युला शर्यत खेळतो. नियम मी लिहितो. परवा पात्रता फेरीत (वेगवान चक्कर मारून सुटायची जागा ठरते ती) पहिल्या नंबरवरचा गडी शेवटच्या वळणावर भिंतीला धडकला. आमच्या नियमानं लाल झेंडा, म्हणजे सत्र थांबलं, मागच्या दोघांच्या चालू फेऱ्या वाया, पोल (सगळ्यात पुढची जागा) मात्र त्याचीच!

फॉर्म्युला वनमध्ये मोनाकोच्या पात्रता फेरीत 2006 ला शूमाकर या ड्रायव्हरनं मुद्दाम गाडी थांबवली म्हणून त्याला शेवटून सोडलं. 2021 ला तिथंच लेक्लेर्क हा ड्रायव्हर खरंच धडकला, पोल टिकली. मागच्यांचं नुकसान दोन्हीकडे तेवढंच की! आमच्यात मुद्दाम की चुकून, हे रिप्ले चारदा बघूनही ठरत नाही. पात्रतेला एकेकाला वेगळं सोडून बघितलं, तास जातो. अमेरिकेतल्या इंडीकार शर्यतींत लाल झेंडा आणणाऱ्याच्या हेतू न बघता वेगवान फेऱ्या रद्द होतात. सत्र 12 मिनिटांचंच असेल तर एक फेरी रद्द करणं पुरेल, की जागाही मागे ढकलावी?