साडेसहा हजारांची डबी आणि माझ्या मारुती एटहंड्रेडचा फ्लोअर

खारावारा (रत्नागिरी)
परवा जुन्या गाड्यांच्या एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "साडेसहा हजारांची इलेक्ट्रॉनिक डबी लावा आणि गंज विसरा, कोकणातल्या जुन्या गाड्यांना वरदान." खाली अंगठ्यांची रांग आणि "कुठे मिळेल?" अशी विचारणा. तिथे एका ओळीत उत्तर दिलं तर म्हणे, "नकारात्मक बोलू नका." म्हणून इथे सविस्तर लिहितो.

माझ्याकडे हे वरदान चार वर्षांपासून आहे. गाडी १९९८ ची एटहंड्रेड, घरापासून समुद्र हाकेवर. लाल वायर बॅटरीच्या प्लसला, काळी बॉडीला, दोन पट्ट्या आतून पत्र्यावर चिकटवलेल्या आणि वर हिरवा दिवा. दोन पावसाळे निवांत झोपलो. मग एक दिवस भाचीच्या हातून बाटलीचं झाकण सीटखाली गेलं. ते काढायला मॅट उचललं, तर खालचा फोम ओल्या पावासारखा झालेला. बोटाने दाबलं तर कुरकुर वाजलं. स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो आरपार. भोकातून अंगणातली चिऱ्याची लादी दिसत होती. बॉनेट उघडलं तर हिरवा दिवा मजेत लुकलुकतोय.

या डब्या विकणारे म्हणतात, आम्ही पत्र्याला इलेक्ट्रॉन पुरवतो. अरे, बॉडी मुळातच बॅटरीच्या मायनसला जोडलेली असते, त्याने गंज थांबला असता तर एकही गाडी सडली नसती. वीज देऊन लोखंड वाचवता येतं, पण त्यासाठी अॅनोड, म्हणजे पाण्यात वीज सोडणारा धातूचा तुकडा, लागतो आणि अॅनोड व पत्रा यांच्यामध्ये सलग पाणी किंवा ओली माती लागते. गाडीवर सलग पाणी कुठे असतं? एक थेंब दाराच्या काठाला, एक जॅक पॉइंटला. प्रत्येक थेंबाचा संसार वेगळा. पट्टी डॅशबोर्डमागे बसून मडगार्डमधल्या चिखलाला काय करणार?

पद्मिनीप्रेमी
तुमचा एक फ्लोअर सडला म्हणून तंत्रज्ञान खोटं? माझी पद्मिनी १९९६ ची. २०१२ पासून डबी आहे. आजतागायत दाराच्या काठालाही गंज नाही, हवं तर या आणि टॉर्च मारून बघा. जहाजांना आणि तेलाच्या पाइपलाइनला हेच तंत्र लावतात. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये ब्रिटिश नौदलासाठी हे करून दाखवलं होतं. दोनशे वर्षांचं विज्ञान तुमच्या बाटलीच्या झाकणाने पडत नाही. डबी लावणाऱ्याने पट्टी रंगावर नीट घासून चिकटवली होती का? नव्वद टक्के लोक तिथेच चुकतात.

खारावारा
नव्वद टक्के कुणी मोजले? आणि गाडी असते कुठे?

पद्मिनीप्रेमी
पुण्यात. कोथरूडला. त्याचा काय संबंध?

खारावारा
बंद गॅरेज?

पद्मिनीप्रेमी
हो. कव्हरही घालतो. गाडीची काळजी घेणं हा गुन्हा आहे का?

खारावारा
नाही हो. माझ्या मावशीचं कोथरूडमधलं शिलाई मशीनही गंजलेलं नाही. त्याला डबी नाही एवढंच.

चीफसाहेब (निवृत्त)
एकतीस वर्षं जहाजावर काढली, म्हणून दोन शब्द. डेव्हीने तांबं वाचवलं होतं, लोखंड नव्हे. लाकडी जहाजांच्या तळावर तांब्याचा पत्रा असायचा, त्याला त्याने जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे लावले. तांबं वाचलं, पण न झिजणाऱ्या तांब्यावर शिंपले आणि शेवाळ वाढू लागलं, जहाजं मंदावली, नौदलाने नाद सोडला. अर्धी गोष्ट सांगू नये.

आता आमच्या जहाजांबद्दल. तळाला अॅनोड असतात, पॅनेल असतं, त्याचे आकडे रोज वहीत उतरवावे लागतात. हे तंत्र चालतं, हे मी मान्य करतो, पण चालतं पाण्याखाली. त्याच जहाजाच्या डेकवर खलाशी दिवसभर चिपिंग हॅमर घेऊन रेलिंगचा गंज पाडत असतात आणि रंग मारत असतात. उन्हात टकटक, टकटक, दुपारची झोप कधी लागली नाही. पोलाद एकच, तळाशी तेच जोडलेलं, पण डेकवर उपयोग शून्य. तुमची गाडी म्हणजे डेक आहे. तिला तळ समजायचं असेल तर मांडवीच्या समुद्रात उभी करा.

हातखंबातिठा
चीफसाहेबांना +१. पण मूळ दुखणं कुणी बोलत नाही. कोकणातल्या गाड्या समुद्राने सडत नाहीत, मासळीच्या टेंपोंनी सडतात! मागची फळी गळतेय आणि आपण घाटात त्यांच्या मागे. ते पाणी थेट रेडिएटरवर, चाकाच्या खालच्या आर्मवर, सायलेन्सरवर. माझ्या मेव्हण्याची बाइक त्याच पाण्यावरून वळणाला घसरली, खांद्यात अजून सळी आहे.

बंदरावरचा
आले. धागा कुठलाही असो, शेवट टेंपोवरच. दादा, मी मिरकरवाडा बंदरावरून वीस वर्षं माल भरतोय. बर्फ गोड्या पाण्याचा असतो, कारखान्यातली लादी. ज्याला खारं म्हणताय ते वितळलेलं बर्फाचं पाणी आहे.

हातखंबातिठा
मग चाटून बघा एकदा. बर्फ गोडा असेल, पण मासळी काय बिसलेरीत धुवून भरता? बंदरातल्या पाण्याने बादल्या ओतताना मी डोळ्यांनी बघितलंय. आणि तुमच्याच टेंपोचा हौदा किती वर्षं टिकतो ते सांगा ना.

बंदरावरचा
चार वर्षं. मग खालचा पत्रा नवा. झालं समाधान? पण तुमच्या ताटातली सुरमई उडत येत नाही. पहाटे तीनला लिलाव, सातच्या आत माल पोचायला हवा. एकदा या माझ्याबरोबर, मग शिकवा.

आमटीभात
रस्त्यावर घाण सांडायची आणि वर पहाटेचं भांडवल. ज्यांना खायचं नाही त्यांनी हा वास का सोसावा?

बंदरावरचा
हा प्रश्न वासाचा नाही, पोटाचा आहे, आणि तुमच्या नावातच उत्तर आहे. तुम्ही भात कालवा.

चीफसाहेब (निवृत्त)
जातीपातीकडे वळण्याआधी थांबा. साधा मुद्दा आहे, हौद्याखाली टाकी बसवून पाणी त्यात सोडता येतं. का सोडत नाहीत?

बंदरावरचा
निम्म्यांना टाकी आहे साहेब. मलाही आहे.

हातखंबातिठा
आणि ती रिकामी कुठे करता?

बंदरावरचा
…वजन होतं हो तिचं. चढाला गाडी उचलत नाही. कधीकधी घाटाच्या अलीकडे कॉक उघडावा लागतो.

हातखंबातिठा
धन्यवाद. मेव्हण्याला कळवतो.

बंदरावरचा
पण मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ पासून चाललंय, खड्ड्यात टेंपो आपटला की टाकीला चीर पडते, ते कुणाला कळवणार?

गॅरेजमेस्त्री
महामार्गावर गेलात तर हा धागा पण चौदा वर्षं चालेल. गाडीवर या.

माझ्याकडे सडलेल्या गाड्या येतात, त्यात बहुतेक वेळा दाराच्या खालची पाण्याची भोकं बुजलेली असतात. आंब्याची पानं, माती, आणि लांबी (पत्र्यावरची पुट्टी) भरताना कुणीतरी ती भोकंच लिंपलेली. पाणी आत साठतं, दार आतून खातं. बाहेर रंगाला फोड दिसतो तोवर आत जाळी झालेली. सायकलची तार घेऊन भोकं मोकळी करा, खर्च शून्य. मे महिन्यात खालून चिखल धुवून, पूर्ण वाळवून, मेणाचा नाहीतर तेलाचा फवारा. ओल्यावर डांबरी कोटिंग मारलंत तर पाणी आत कोंडून घ्याल. आणि जळकं ऑइल मारू नका, रबरी बुश फुगतात आणि पहिल्या पावसात ते विहिरीकडे जातं. माझे वडील तेच मारायचे, गाड्या टिकायच्या, हेही खरंय.

टोरांटोकर
इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठच पसरतात. नवी गाडी घेताना शोरूमवाल्याने मलाही डबी गळ्यात मारायचा प्रयत्न केला. शेजारच्या जुन्या म्हाताऱ्याने सांगितलं, दरवर्षी तेलाचा फवारा मार. तेच करतो, ड्राइव्हवेवर आठवडाभर डाग आणि बायकोची बोलणी, पण गाडी शाबूत. अमेरिकेत तर १९९० च्या दशकात फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने 'रस्ट इव्हेडर' नावाच्या अशाच उपकरणाच्या दाव्यांवर कारवाई केली होती.

पद्मिनीप्रेमी
परदेशातल्या तीस वर्षांपूर्वीच्या डबीवरून आजची ठरवू नका. हिच्यात मायक्रोचिप आहे.

गॅरेजमेस्त्री
काका, एक विचारू? पद्मिनीला खालून काही मारता का?

पद्मिनीप्रेमी
दर मे महिन्यात अंडरकोटिंग करतो. दारात मेण. पण ते वेगळं. डबी हा मूळ उपाय, ते पूरक.

खारावारा
म्हणजे उपास करतो आणि पूरक म्हणून दोन वेळ जेवतो.

पद्मिनीप्रेमी
टिंगल सोपी असते. प्रयोग करा. माझ्याकडे एक नवी डबी जादा आहे, कुरियर करतो. तुमच्याच गाडीला, तुमच्याच समुद्रावर. जे होईल ते इथे लिहा.

खारावारा
मंजूर. पत्रेवाल्याकडून एकाच पत्र्याचे दोन तुकडे कापून घेतो. एक मागच्या बंपरच्या ब्रॅकेटला घासून थेट बोल्ट, दुसरा शेजारीच, पण मध्ये ट्यूबचं रबर आणि प्लास्टिकचा बोल्ट, म्हणजे बॉडीशी संबंध नाही. डबी खरी असेल तर पहिला वाचेल. ऑक्टोबरात भेटू.

खारावारा (१४ ऑक्टोबर)
धागा वर काढतोय. डबी जूनच्या दोन तारखेपासून सुरू, दिवा एकदाही विझला नाही. काल दोन्ही पत्रे काढले. दोन्ही विटकरी लाल, नखाने पापुद्रे निघतायत. मागे मार्करने अ आणि ब लिहिलं होतं, तेही गंजाने खाल्लं. कुठला कुठला हे बोल्टच्या भोकावरून ओळखावं लागलं. रबरवाल्यावर गंज किंचित कमी वाटला, पण तो सायलेन्सरच्या बाजूला होता, जरा लवकर वाळत असेल. त्याचं श्रेय मी रबराला देत नाही.

पद्मिनीप्रेमी
तुमच्या पत्र्यांना रंग नव्हता. डबी रंगवलेल्या पत्र्यासाठी असते, हे माहितीपत्रकात लिहिलेलं आहे.

चीफसाहेब (निवृत्त)
रंगवलेला पत्रा डबीशिवायही टिकतो हो.

पद्मिनीप्रेमी
असो. तुमच्या गाडीवर चालली नाही, एवढं मान्य. माझी मी काढणार नाही, तेरा वर्षं दिवा बघायची सवय आहे. तुमच्याकडची परत पाठवा, कुरियर माझ्या खर्चाने.

बंदरावरचा
पुण्याला उद्या पहाटे माझाच टेंपो आहे, खोक्यात घालून देतो. नवी टाकी बसवली आहे, पन्नास लिटरची. हातखंबेवाले, कॉकला कुलूप घातलंय, फोटो टाकतो.

हातखंबातिठा
चावी कुणाकडे?