मदत हवी आहे: लेओव्हरच्या (ड्युटीतल्या बाहेरगावच्या मुक्कामाच्या) टॅक्सीचा खर्च सिस्टीम घेत नाही

मी केबिन क्रू, बेस मुंबई. १४ तारखेच्या रात्रीची दिल्ली फ्लाइट उशिरा, म्हणजे १५ ला पहाटे १:४० ला उतरली. हॉटेलची पिकअप गाडी आलीच नाही. ट्रान्सपोर्ट डेस्कला दोनदा फोन केला, शेवटी तेच म्हणाले, टॅक्सी करा, नंतर क्लेम टाका. आम्ही तिघी प्रीपेड टॅक्सीने गुरुग्रामच्या हॉटेलवर गेलो. पैसे मी दिले, पावती माझ्याकडे आहे.

आता क्लेममध्ये ‘ग्राउंड ट्रान्सपोर्ट’ निवडून १५ तारीख टाकली की ‘या तारखेला ड्युटी नाही’ असा एरर येतो. माझा अंदाज, रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतो. यूटीसी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे तिथे अजून १४ चे २०:१० च वाजलेत. १४ टाकली तर एंट्री जाते, पण पावतीवर १५ छापलंय. मागे एका मैत्रिणीचा क्लेम अशाच फरकामुळे परत आला होता, म्हणून सबमिट केलेलं नाही. ‘इतर’ या हेडखाली टाकून पाहिलं, तिथे मॅनेजरची आधीची मंजुरी मागतात. पहाटे दोनला कुठून आणायची? हेल्पडेस्कचं उत्तर एकच: मॅन्युअल वाचा. वाचलं, त्यात तारखेबद्दल अक्षर नाही.

डेस्कशी बोलणं फोनवरच झालं, लेखी काही नाही. महिनाअखेरीला क्लेम बंद होतात.

ज्यांचे असे क्लेम पास झालेत त्यांनी सांगा: तारीख १४ टाकून रिमार्कमध्ये स्थानिक वेळ लिहिली तर चालते का? आणि पूर्ण रक्कम माझ्या एकटीच्या नावावर टाकायची, की बाकी दोघींचे स्टाफ नंबरही जोडावे लागतात?