रेटिनाच्या शस्त्रक्रियेत बल ‘ऐकवणारी’ चिमटी हवी का?

प्रस्ताव – अभियंता
रेटिनावर, म्हणजे डोळ्याच्या आतील पडद्यावर, वाढलेला पापुद्रा चिमटीने सोलताना ‘हाताला सगळे कळते’ हा दावा मला टिकणारा वाटत नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत सुमारे ७५ टक्के बले ७.५ मिलिन्यूटनच्या, म्हणजे पाऊण ग्रॅम वजनाच्या, खाली होती आणि त्यांतील बहुतेक बोटांना जाणवतच नव्हती. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी चिमटीच्या दांड्यावर ब्रॅग जाळी (ताण पडताच परतणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी बदलणारी सूक्ष्म रचना) कोरलेले प्रकाशतंतू बसवून इतकी सूक्ष्म बलेही मोजली. संवेदक मुठीत बसवला, तर डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील छिद्रापाशी होणारे घर्षणही त्यात मिसळते; तंतू डोळ्याच्या आत जाणाऱ्या भागात असल्याने टोकावरचे बल वेगळे मिळते. ते ध्वनीने ऐकवावे, बल वाढेल तसा ठोका जलद व्हावा, असे माझे मत आहे.

विरोध – नेत्रशल्यविशारद
आम्ही बोटांवर विसंबतच नाही. सूक्ष्मदर्शकातून रेटिनाला पडणारा ताण आणि पापुद्र्याची उचलली जाणारी कड दिसते, आणि तेवढ्यावर हात थांबतो. शिवाय धोक्याची मर्यादा कोणी ठरवायची? मधुमेहाने जीर्ण झालेली रेटिना आणि निरोगी रेटिना यांना एकच आकडा लावणे मला धोकादायक वाटते. व्हिट्रेक्टमीच्या (डोळ्यातील जेलीसारखा पदार्थ काढण्याच्या) यंत्राचा आणि भुलेच्या मॉनिटरचा आवाज आधीच कानी पडत असतो, हे निराळेच.

प्रतिसाद – अभियंता
मर्यादेचा आक्षेप मान्य आहे, दृष्टीचा नाही, कारण ताण दिसतो तेव्हा तो पडून गेलेला असतो. ध्वनीऐवजी हाताला विरोध का जाणवू देत नाहीत, असे कोणी विचारेल. दा विंची ५ या शस्त्रक्रियेच्या रोबोमध्ये (अमेरिकेत मान्यता, मार्च २०२४) ते जमते, कारण तिथे हाताखालची मूठ जड कन्सोलला जखडलेली असते. हातातल्या चिमटीला रेटा देण्यासाठी मागे आधारच नसतो. कंपन दिले, तर ते टोकापर्यंत पोहोचते, आणि तिथे तर हात स्थिर हवा असतो! तापमानाने तंतूचे वाचन बदलते, ही खरी अडचण होती. परंतु दांड्याभोवती समान अंतरावर तीन तंतू लावून त्यांच्यातील सामाईक बदल वजा करता येतो. मात्र हे आडव्या बलापुरतेच. दांड्याच्या दिशेने पडणारे बल मोजणे अवघड राहते.

विरोध – नेत्रशल्यविशारद
सोलताना ओढ वरच्या दिशेलाही असते, म्हणजे तुमचा ध्वनी नेमक्या त्या ओढीला कमी लेखू शकतो. प्रशिक्षणात, डुकराच्या डोळ्यावर सराव करणाऱ्या नवख्याला ही चिमटी अवश्य द्यावी. रुग्णाच्या डोळ्यात मी ती आज घेणार नाही.